धरणारे : शून्य

नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये, हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. आजीने आजोबांचं घेतलं नाही, आईने बाबांचं घेतलं नाही, मग मीही घेतलं नाही. आई म्हणायची, "नाव घेतलं की त्यांचं आयुष्य तेवढं कमी होतं गं." मी तेव्हा बारावी सायन्सला होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. पण जिभेला ते कुणी सांगितलं नव्हतं. हल्लीच्या मुली नवऱ्याला सर्रास अरे-तुरे करतात आणि त्यांचे नवरे चांगले धडधाकट फिरताना दिसतात. मला मात्र कुठल्या कचेरीत मालकांचं नाव विचारलं, तर पर्समधून कार्ड काढून पुढे करायची सवय.

घेतलं होतं एकदा. लग्नाच्या दिवशी, मिरजेत, ह्याच घराच्या उंबऱ्यावर. नणंदा दार अडवून उभ्या होत्या. नाव घे, मगच आत ये. मी तेव्हा शिवणाचा क्लास करत होते, म्हणून उखाणाही शिवणातलाच रचला होता: सुईत ओवला दोरा, टोकाला मारली गाठ, अमुकरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट. इथेही मी अमुकच लिहिणार. त्या दिवशीसुद्धा नाव असं पुटपुटले होते की धाकटी नणंद म्हणाली, "वैनी, परत एकदा, मोठ्यानं!" मी काही ऐकलं नाही, तशीच आत शिरले.

त्याच दिवशी ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. माहेरची मी रजनी. सासूबाई म्हणाल्या, रजनी म्हणजे रात्र, घरात अंधार कशाला? म्हणून उज्ज्वला. मग कुणीतरी ताटावरून हात फिरवून तांदूळ सारखे केले आणि ते परत डब्यात गेले. ह्यांनी मला आयुष्यात ना रजनी म्हटलं ना उज्ज्वला. हे "अगं" म्हणायचे, मी "अहो" म्हणायचे. दोन शब्दांवर संसार झाला, तेजस झाला, घरावर वरचा मजला चढला. आमचं कधी काही अडलं नाही.

अडलं ते डबा आल्यावर.

हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि वर्षभरात धाप लागायला लागली. फुप्फुसं ठणठणीत होती. पण त्यांच्या खाली स्नायूंचा एक पडदा असतो, तो हलतो म्हणून श्वास चालतो. त्या पडद्याच्या नसा हळूहळू मरत होत्या. औषध नव्हतं. पट्टा होता. पोटाला बांधायचा रबरी पट्टा. तो आवळला की श्वास बाहेर, सैल झाला की श्वास आत. त्यासाठी पाठ उभी लागते, म्हणून डोक्याकडून उचलला जाणारा पलंगही आला. आणि ह्या सगळ्याला हुकूम देणारा डबा, फ्रिजवर ठेवायचा, पोळीच्या डब्याएवढा. त्याच्यात 'गाभा' नावाची प्रणाली होती. हल्ली घरोघरी तीच असते. तुमच्याही घरी असेल.

बसवायला आलेला माणूस घाईत होता.

"काकू, पेशंटचं नाव काय?"

मी दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

"तसं नाही, तुमच्या तोंडून पाहिजे. डब्याला कळायला पाहिजे, तुम्ही कुणाला काय म्हणता ते."

"मी अहो म्हणते."

तो हसला. "अहो हे नाव डब्यात बसत नाही ओ. राहू दे." मग त्याने तेजसला फोन लावला. आमचा तेजस मालवाहू बोटीवर इंजिनिअर. तो तिकडून म्हणाला, "बाबा." डबा म्हणाला, "धरलं." माणसाने चहा घेतला आणि तो गेला. माझ्या रकान्यात काय राहिलं, हे त्यानेही पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या शेजारी रुबीना मुल्ला राहते. ज्या कंपनीचा हा डबा, तिच्याच कामावर असते, घरी बसून. दुपारी मी मेथी निवडायला पायरीवर बसले की तीही एक जुडी ओढून घ्यायची. मी तिला विचारलं, "हा तुमचा गाभा म्हणजे नक्की काय गं?"

"काकी, पूर्वी प्रत्येक यंत्राला स्वतःची अक्कल असायची. पंख्याला वेगळी, पट्ट्याला वेगळी. ती जुनी व्हायची, एकमेकांशी जमायची नाही. आता यंत्रं बिनडोक ठेवली. सगळ्या अकलेचे छोटे छोटे तुकडे केले. एक तुकडा ऐकतो, एक मोजतो, एक बोलतो. त्याला आम्ही घटक म्हणतो. पाहिजे तेव्हा जोडायचा, नको तेव्हा काढायचा. चालू घर बंद करावं लागत नाही."

"आणि गाभा काय करतो?"

"त्याला काहीच येत नाही की!" ती हसली. "खरंच. त्याला ना मोजता येतं, ना बोलता येतं. त्याला तीनच गोष्टी कळतात. घटक समोर आला की विचारायचं, तुला हे काम येतं का? येत असेल तर धर. काम झालं की सोड. ज्याला कुणीच धरलेलं नाही, त्याला गाभा काढून टाकतो. नाहीतर अडगळ किती साठेल? आणि गाभ्याच्या खाली पाया. सगळ्यांना लागणारे शब्द आणि रीती तिथे एकदाच लिहून ठेवल्यात. धर म्हणजे काय, सोड म्हणजे काय, बाबा म्हटलं की कोण. वरचे सगळे घटक त्या पायावर उभे."

"आणि तो पायाच चुकला तर?"

"तर सगळ्यांचं एकदम चुकतं," ती मेथीची काडी मोडत म्हणाली.

"मग आम्ही माणसं कोण ह्याच्यात?"

"तुम्ही पण घटकच. काका एक घटक. पट्टा, पलंग, पंखा, औषधाची वेळ, धोक्याचा गजर, सगळं काकांना टांगलेलं. काकांना कुणीतरी धरलंय तोवर सगळं चालतं."

"मी धरलंय की घट्ट," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

पावसाळा संपता संपता तेजसची बोट दक्षिणेकडे लांब गेली. तिकडून महिनाभर फोन लागणार नाही, हे तो आधीच सांगून गेला होता. त्याच सुमारास एका सकाळी डबा फार अदबीने म्हणाला, "नवीन पाया बसवला आहे. आपली गैरसोय झाली नाही ना?"

मी म्हटलं, नाही बाबा, बस.

दोन-तीन दिवसांनी दुपारी उकडत होतं. मी म्हणाले, "ह्यांचा पंखा लाव."

"कोणाचा?"

"ह्यांचा."

"ह्यांचा म्हणजे कोणाचा?"

"घरात दुसरा कुणी पुरुष आहे का मेल्या?"

"माफ करा. समजलं नाही."

हे पलंगावर हसायला लागले. हसणंही पट्ट्याच्या तालावर, तुकड्या-तुकड्याने. "अगं... नाव... घे... की." या वयात मला लाज वाटली. मी उठून हातानेच बटण दाबलं. पुढे औषधाची वेळ सांगायचंही डब्याने बंद केलं. तेव्हा मी स्वतःच आठवण ठेवायला लागले. बायकांना ही खोड असते, जे बिघडेल ते अंगावर घ्यायचं.

मग एका संध्याकाळी दुधाची वेळ झाली तेव्हा डबा म्हणाला, "दूध अर्धा लिटर कमी करू का? घरात एकच व्यक्ती आहे."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "एकच कशी? दोघं आहोत."

"दुसरी व्यक्ती कोण?"

"हे काय, हे!"

"समजलं नाही. दूध कमी केलं आहे."

मी वळून पाहिलं. हे पलंगावर पेपर वाचत बसले होते, चष्मा नाकावर, पट्टा आवळतोय, सैल होतोय. सगळं जागच्या जागी होतं. तरी रुबीनाला विचारायला हवं, असं मनात आलं. पण तिच्याकडे पाहुणे होते, म्हणून म्हटलं उद्या विचारू.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ह्यांचा डोळा लागला. मी बाहेरच्या खोलीत ब्लाउज बेतत होते. पट्ट्याचा आवाज दिवसभर घरात असायचा, सुस्स, फस्स, त्यामुळे मला तो ऐकूच येत नसे. थांबला तेव्हा ऐकू आला.

मी आत धावले. पट्टा पोटावर सैल पडला होता. आणि पलंग हळूहळू आडवा होत होता. माणूस गेल्यावर दवाखान्यातला पलंग परत सरळ करून ठेवतात ना, तसा. कुठे गजर नाही, लाल दिवा नाही. हे डोळे उघडून माझ्याकडे बघत होते आणि गळ्याच्या शिरा ताणून थोडी थोडी हवा ओढत होते.

"पट्टा चालू कर!" मी ओरडले.

"पट्टा उपलब्ध आहे," डबा म्हणाला. "कोणासाठी?"

"ह्यांच्यासाठी! ह्यांच्यासाठी रे!"

"समजलं नाही."

खिडकीतून रुबीनाला हाक मारली, ती कुंपणावरूनच आली. तिने ह्यांना खांद्याला धरून उभं बसवलं, माझे दोन्ही हात ह्यांच्या पोटावर ठेवले आणि म्हणाली, "दाबा, सोडा, दाबा, सोडा. थांबू नका." मग स्वतः फोन काढून डब्याच्या आत बघायला लागली. मला तिचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला.

"काकी, धरणारे शून्य."

"म्हणजे?"

"काकांना कुणी धरलेलंच नाही. तेजसने धरलं होतं. तो बरेच दिवस बोलला नाही, म्हणून नव्या पायाने त्यालाच सोडलं. तो सुटला, त्याने धरलेलं एकेक करून सुटलं. तुम्ही काकांना कधीच धरलं नाही. गजरसुद्धा काकांचाच होता, तो आधी गेला." ती डब्याकडे वळून ह्यांच्या नावाने जोरात ओरडली.

"आपण या घरच्या नाही," डबा म्हणाला.

"बंद करून चालू कर ना!"

"पाया परत रचायला वेळ लागतो काकी. तेवढा श्वास काकांकडे नाही. नाव घ्या! तुम्ही घरच्या आहात. नाव घ्या काकांचं!"

मी तोंड उघडलं. आणि खोटं नाही सांगत, नाव आलं नाही. माहीत आहे, मनात आहे, दारावरच्या पाटीवर आहे, आणि ओठांपर्यंत येत नाही. जीभ टाळ्याला चिकटली. आईचा आवाज कानात होता, आयुष्य कमी होतं गं. समोर ह्यांचे ओठ निळे पडत चालले होते आणि मी, बारावी सायन्स, मला वाटत होतं की मी बोलले आणि त्याच क्षणी हे गेले तर?

"काकी!"

नावापाशी जायची एकच वाट माझ्या तोंडाला ठाऊक होती. मी त्या वाटेने धावले. डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, सुईत ओवला दोरा, टोकाला मारली गाठ, आणि पुढे ह्यांचं नाव, राव लावून, आणि नाव घेते, सोडा माझी वाट.

पट्टा आवळला. सैल झाला. ह्यांच्या छातीत हवा शिरलेली माझ्या हातांना कळली. रुबीनाने "या अल्लाह" म्हणून भिंतीला पाठ टेकली.

"सोडलं," डबा म्हणाला.

पट्टा थांबला.

मी परत पोट दाबायला लागले. मग रुबीना किंचाळली, "सोडा म्हणालात तुम्ही! काकी, नावाला लागून सोडा म्हणालात! नुसतं नाव, काकी, नुसतं नाव घ्या, पुढे-मागे काही नको!"

ह्यांची मान माझ्या खांद्यावर पडली होती.

"विश्वनाथ!" मी ओरडले. राव नाही, काही नाही. रस्त्यावरच्या पोराला मारावी तशी हाक मारली. "विश्वनाथ! विश्वनाथ! विश्वनाथ!"

"धरलं," डबा म्हणाला. पट्टा आवळला, सैल झाला, पुन्हा आवळला. ह्यांच्या ओठांचा रंग परत यायला लागला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. हे डोळे उघडून म्हणाले, "केवढ्यानं... ओरडतेस... गं." मी रडत रडत ह्यांना रागावले.

संध्याकाळी रुबीना परत आली, श्वास द्यायची रबरी पिशवी आणि मास्क घेऊन. ती कशी वापरायची ते तिने मला दाखवलं, दहा वेळा करून घेतलं. मग खाली बसली.

"काकी, तुम्ही दिवसभर काकांबद्दलच बोलता. ह्यांना पाणी, ह्यांचं औषध, ह्यांची उशी. पण ती सगळी सर्वनामं. आमच्या पायात सर्वनाम काही धरत नाही. कुणीतरी आधी नाव घेतलं असेल, तर तिकडे नुसतं बोट दाखवतं. ज्यांनी मुळात पाया लिहिला, त्यांच्याकडे बायका नवऱ्याला नावानेच हाक मारतात. आम्ही इथे त्यातले शब्द तेवढे मराठी केले. रीत तशीच राहिली."

"मग कळव ना त्यांना."

"कळवलं. उत्तर आलं, प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालत आहे."

ती परत फोनमध्ये बघायला लागली. मी म्हटलं, अजून काही आहे का? ती म्हणाली, "तुमचं पण शून्य आहे काकी. तुम्ही डब्याशी बोलता तोवर आहात. आजारी पडलात, दोन दिवस गप्प राहिलात, तर गाभा तुम्हालाही सोडणार. आणि तुम्ही सुटलात की तुम्ही धरलेले काका सुटले." ती ह्यांच्याकडे वळली. "काका, घरच्या माणसाने नावाने धरलं की ती धर पक्की असते, धरणारा आहे तोवर. काकींनी तुम्हाला धरलंय. आता तुम्ही काकींना धरा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हे चक्क लाजले. म्हाताऱ्या माणसाचं लाजणं बघवत नाही. पट्टा सैल झाला, हवा आत गेली, आवळायला लागला तेव्हा हे म्हणाले, "उज..." आणि हवा संपली. सासूबाईंना सोपं नाव सुचलं नव्हतं. दुसऱ्या श्वासात "उज्ज..." तिसऱ्यात मी "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत होते तेवढ्यात हे म्हणाले, "उज्ज्वला."

"धरलं," डबा म्हणाला.

मी पदराने डोळे पुसले. लग्नात अंगठीने लिहिलेलं नाव ह्यांच्या तोंडून ऐकायला एवढी वर्षं आणि एक डबा लागला. मला रुबीनाला साखर द्यायची होती. पण ती हसत नव्हती.

"आता काय गं?"

"आता तुम्हा दोघांची गाठ बसली. तुम्ही ह्यांना धरलंय, ह्यांनी तुम्हाला. बाहेरचं कुणी नसलं तरी दोघांचाही आकडा कधीच शून्य होणार नाही. गाभा तुम्हाला सोडूच शकत नाही."

"मग चांगलंच झालं की!"

"आमच्याकडे त्याला गळती म्हणतात काकी," ती हळू आवाजात म्हणाली. "एकमेकांना धरून बसलेले आणि जगाला नको असलेले घटक. गाभ्याची जुनी खोड आहे ही, सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर पुढच्या पायात एक शोधक येतोय. तो बाहेरून सुरुवात करतो. कोण कामावर जातं, कुणाला बाहेरून फोन येतो, कुणाच्या नावाने कुणी हाक मारतं, तिथून एकेक साखळी धरत घरात शिरतो. ज्यांच्यापर्यंत एकही साखळी पोचत नाही, ती गाठ. ती कापायची."

मी डोक्यात आमच्यापर्यंत येणारी साखळी शोधायला लागले. तेजस समुद्रावर. नणंदांपैकी कुणी उरली नाही. गल्लीतल्या बायका मला काकी म्हणतात, ब्लाउजवाल्या टेलरबाई म्हणतात. ह्यांना वर्कशॉपमधले मेस्त्री म्हणायचे. आमच्या नावाने आम्हाला कोण हाक मारणार? एवढं माणसांनी भरलेलं आयुष्य, आणि नावानिशी एकही माणूस सापडेना. मला त्या वेळी दुपारपेक्षा जास्त भीती वाटली.

"कधी येतोय तो?"

"सोमवारी. तोवर मी दुसरी व्यवस्था बघते. सांगलीत एकाकडे जुना पट्टा आहे, स्वतःची अक्कल असलेला. डब्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. शनिवारी तो घरी असतो, मी जाऊन घेऊन येते."

ते मधले दिवस मी ह्यांचं नाव घेत राहिले. धर पक्की आहे, परत परत घ्यायची गरज नाही, असं रुबीनाने सांगितलं होतं, तरी घेत राहिले. विश्वनाथ, चहा. विश्वनाथ, कूस वळवते हं. आधी जीभ अडखळायची, मग सुटली. हे हसायचे. पण ह्यांचा श्वास त्या दुपारनंतर उतरलाच होता, पट्ट्याचा ताल जरा लांबला की चेहरा ओढला जायचा. आणि मला दर वेळी आईची आठवण व्हायची. एकीकडे डबा म्हणतो नाव घेतलं नाही तर माणूस जाईल, दुसरीकडे आई म्हणते घेतलं तर जाईल. मी दोघांनाही घाबरून होते.

शनिवारी सकाळी रुबीना स्कूटरवरून सांगलीला गेली. कोपऱ्यावर वळताना तिने हात केला. मी दार लावून आत आले आणि डबा म्हणाला,

"नवीन पाया बसवला आहे. आपली गैरसोय झाली नाही ना?"

"आज? सोमवारी ना?"

"आपल्या सोयीसाठी लवकर बसवला आहे. एकमेकांनाच धरून बसलेले घटक शोधत आहे."

रुबीनाला फोन लावला, तो वाजत राहिला. स्कूटर चालवताना ती उचलत नाही, शहाणी मुलगी आहे. सांगली काही लांब नाही. जायला वेळ लागत नाही, यायला लागत नाही, तो माणूस घरी असला तर. मी एवढाच हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. कपाटातून रबरी पिशवी काढली, मास्क धुतलेला होता तो परत पुसला आणि पलंगावर ह्यांच्या शेजारी बसले. ह्यांना काय सांगावं ते कळेना. पण हे इतकी वर्षं इंजिनं ऐकत आलेले. डब्याचं वाक्य ह्यांनी ऐकलं होतं. ह्यांनी माझा हात धरला.

"विश्वनाथ," मी म्हणाले. "विश्वनाथ. विश्वनाथ."

"गल्ली तपासली," डबा म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "शेजार तपासला."

बाहेर भाजीवाला ओरडत होता. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटत होतं, कुणीतरी फाटकातून आत यावं, पत्ता विचारत, उज्ज्वला इथेच राहतात का, एवढं म्हणावं. विम्याचा माणूस चालेल, मतं मागायला आलेला चालेल. कुणी आलं नाही.

"सापडले," डबा म्हणाला.

"काय सापडलं?"

"दोन घटक. बाहेरून संबंध नाही."

"अरे आहे संबंध! मुलगा आहे आमचा! थांब जरा, शेजारची मुलगी येतेय सांगलीहून, थांब रे बाबा!" मी त्याला हात जोडले. खरंच जोडले, फ्रिजवरच्या डब्याला.

पट्टा शेवटचा सैल झाला. ह्यांच्या आत तेवढी एक हवा गेली. पलंग डोक्याकडून खाली यायला लागला, मी पाठीमागे हात घालून ह्यांना उभं धरलं, दुसऱ्या हाताने मास्क ओढला. हे मास्क लावू देईनात. मान हलवली. काहीतरी बोलायचं होतं ह्यांना. मला कळलं. हे डब्याला सांगणार होते, उज्ज्वला, म्हणजे निदान मी तरी धरलेली राहीन. मी म्हटलं, नको, हवा घालवू नका, त्याला काही सांगू नका आता. पण हे डब्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. होती नव्हती तेवढी हवा एकत्र करून हे म्हणाले,

"रजनी."

एवढ्या वर्षांत ह्यांना ते नाव आठवत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"या नावाचं कोणी या घरात नाही," डबा म्हणाला.

"आहे," मी म्हणाले, मास्क ह्यांच्या तोंडावर घट्ट धरला आणि पिशवी दाबली.